रोझालिनाची पेज नेणारा थर्मास

मी एक जुना थर्मास आहे, मित्रांनो. पोटावर निळी फुलं, डोक्यावर पेल्याचं टोपण. आरोंद्याच्या मिंगेलचा भाऊ बोटीवर नोकरीला होता, त्याने मला परदेशातून आणलं. नाताळात मला कपाटातून बाहेर काढायचे. पाहुणे कौतुक करायचे आणि मी फुगून जायचो. चहाखेरीज दुसरं काही मी पोटात घेत नसे.

एकोणनव्वद साली मिंगेलच्या बायकोला, रोझालिनाला, गोव्याच्या मोठ्या इस्पितळात ठेवलं आणि माझ्यात पेज आली. तिचा गर्भ गर्भाशयाऐवजी शेजारच्या नळीत रुजला होता. तिथे बाळ वाढू शकत नाही, आणि नळी फुटली तर आईच्या जिवावर बेततं. अशाच दुखण्यात तिची एक नळी आधी काढून टाकली होती. ही उरलेली एकच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेवर आलात. ऑपरेशनाऐवजी इंजेक्शन देऊन बघू. गर्भ हळूहळू जिरेल, नळी कदाचित वाचेल. पण गर्भाची खूण दाखवणारा रक्तातला आकडा उतरला नाही, किंवा पोटात जोरात दुखलं, तर कापावंच लागेल. आणि टॉनिक, ताकदीच्या गोळ्या अजिबात नकोत."

मिंगेलने मान डोलावली. पण बायकांचं दुखणं आईशी कसं बोलायचं? लाजून त्याने लिलियनमायला एवढंच सांगितलं, "अशक्तपणा आसा."

झालं! माय रोज लाल उकड्या तांदळाची पेज करायची आणि मिंगेलची पाठ वळली की त्यात लाल टॉनिक ओतायची. लाल पेजेत ते कोणाला दिसणार? तरीच्या होडीतून खाडी ओलांडताना मी मिंगेलच्या मांडीवर नुसता घुसमटत असायचो. थर्मासाचं कोण ऐकतो!

आकडा काही उतरेना. रोझालिना भिंतीकडे तोंड करून रडायची. मला फार वाईट वाटायचं.

एके दिवशी माय स्वतःच मला घेऊन आली. रोझालिनाने एक घोट घेतला.

"माय, पेजेक लोखंडाची चव कशाक लागता गो?"

"टॉनिक घातलंय, बाय. तुका ताकद येवची म्हणान."

डॉक्टरीणबाई तिथेच होत्या. त्या रागावल्या नाहीत. नळीतल्या गर्भाविषयी त्यांनी सांगितलं, आणि टॉनिकातलं एक जीवनसत्त्व इंजेक्शनाचा जोर कमी करतं, हेही. माय खाटेवर सुनेजवळ जाऊन बसली.

"माका कोणी सांगूकच नाय! तू एकटीच रडत होतंस गो?"

तिने सुनेला पोटाशी धरलं. न आलेल्या बाळासाठी दोघी रडल्या. मिंगेल दारात मान खाली घालून उभा होता.

दुसरं इंजेक्शन दिलं. आता माय रोज यायची, आधी टोपणभर पेज आपण प्यायची आणि सांगायची, "पेज आणि मीठ. आणखी काय नाय."

आकडा उतरू लागला. ऑपरेशन टळलं. नळी वाचली.

त्याला आता सहा वर्षं झाली. माझी आतली काच फुटली, ती काढून टाकली. कपाटातही जागा नाही. पण माझ्यात शिंपले भरून ते खळखळ वाजवणारी एक मुलगी घरात आहे, रोझालिनाची. म्हणून माझी तक्रार नाही.

एवढंच मागतो, मित्रांनो. घरात कोणाला काय होतंय ते घरात बोला. झाकण घट्ट लावून बसणं हे माझं काम, ते तुम्ही शिकू नका.