तेहतीस प्रश्न

ईश्वरप्पांनी फोन तांब्याला टेकवून उभा केला, चष्मा नाकावर सरकवला आणि विचारलं,

“बर्लिनची भिंत कधी बांधली?”

“एकोणपन्नास,” शिवकन्या म्हणाली. स्टुटगार्टच्या आपल्या खोलीत ती बटाटे सोलत बसली होती. सकाळपाळी करून नुकतीच आली होती. अंगातला इस्पितळाचा निळा सदरा तसाच होता.

“चुकलं. एकोणपन्नासला एका देशाचे दोन झाले. भिंत एकसष्टची. कितीदा सांगायचं?”

“सांगा की पुन्हा, अप्पा.”

मग त्यांनी पुन्हा सांगितलं. लोक रविवारी सकाळी उठले, तर रस्त्याच्या मधोमध काटेरी तार. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला लेक. सांगताना त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा चढला. औशाच्या हायस्कुलात तीस वर्षं त्यांनी फ्रान्सची राज्यक्रांती, नेपोलियन, दोन महायुद्धं शिकवली होती. एवढं मोठं खंड किती वेळा मोडलं आणि पुन्हा जुळलं, हे त्यांना तारखांसकट पाठ होतं. पाहिलं मात्र त्यातलं काहीच नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी शिवकन्या नर्सच्या नोकरीवर निघाली, तेव्हा ते लातूरच्या स्टँडपर्यंत गेले आणि गाडी हलायच्या आधीच माघारी फिरले. त्यानंतर तिचा फोन यायचा तो आईला, महादेवीला. ईश्वरप्पा पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, “जेवली का इचार.” तेवढंच.

यंदाच्या संक्रांतीला ती आईजवळ बोलली, की तिथल्या नागरिकत्वासाठी परीक्षा असते, तेहतीस प्रश्नांची, आणि त्यात इतिहास असतो. महादेवीनं फोन थेट नवऱ्याच्या हातात दिला.

“घ्या. तुमचा विषय हाय.”

तेव्हापासून रोज संध्याकाळी सात-साडेसातला तास सुरू झाला. परीक्षा पास झाली, की इथला पासपोर्ट परत करावा लागणार, हे दोघांनाही माहीत होतं. तो विषय कुणी काढला नाही.

एकदाच तिनं विचारलं होतं, “आपले आजोबा निजामाच्या राज्यात जन्मले ना, अप्पा?”

“हाव. अठ्ठेचाळीसला राज्य गेलं, तवा बारा वर्षांचे होते.”

“मग त्यांना काही वेगळं वाटलं का? दुसऱ्या देशाचं झाल्यावर?”

ईश्वरप्पांनी प्रश्नांच्या वहीचं पान उलटलं. “ते घरातच होते गं,” ते म्हणाले आणि पुढचा प्रश्न विचारला.

चैत्रात वर्षाराणी सुट्टीवर आली. लातूरची पोरगी, शिवकन्येच्याच इस्पितळात कामाला. चॉकलेटं आणि महादेवीसाठी एक लोकरी शाल घेऊन ती मुद्दाम औशाला आली.

“काका, तुमचं लई कौतुक चालू हाय तिकडं,” पोह्यांची बशी हातात घेत ती म्हणाली. “शिवकन्येला तेहतीसपैकी तेहतीस! म्हणते, सगळं अप्पांनी शिकवलं.”

महादेवीचा हात शालीवरच थांबला.

“कधी झाली परीक्षा?” ईश्वरप्पांनी विचारलं.

“झाला की महिना. म्हणजे... सांगितलं न्हाई तिनं?”

“सांगितलं, सांगितलं,” ते घाईनं म्हणाले. “मीच इसरलो. पोहे घे, गार होतील.”

वर्षाराणीला औटोत बसवून ते परसात जाऊन उभे राहिले. महिनाभर रोज तास झाला होता. महिनाभर ती चुकत होती. महादेवी दारात आली, त्यांच्याकडं पाहिलं आणि आत गेली.

संध्याकाळी फोन वाजला. शिवकन्या आज ट्रामच्या थांब्यावर बसली होती. मागं ओला रस्ता, थंडीनं लाल झालेलं नाक.

“विचारा, अप्पा.”

त्यांनी वही उघडली आणि मिटली.

“परीक्षा कधी हाय गं तुझी?”

तिनं मफलर उगाच सारखा केला. “ती... पुढं गेलीय. नक्की तारीख न्हाई अजून.”

“बरं झालं,” ईश्वरप्पा म्हणाले. “रशिया राहिलाच होता आपला. आजपासून रशियाची क्रांती घेऊ. मोठा भाग हाय, आठ-पंधरा दिवस जातील.”

“पण अप्पा, रशिया परीक्षेला नसतो.”

“ठाऊक हाय मला.”

ती पडद्यात बघतच राहिली. तिच्या मागं पिवळी ट्राम येऊन थांबली, दारं उघडली, माणसं चढली. ती उठली नाही. दारं मिटली आणि ट्राम निघून गेली.

“सांगा,” ती म्हणाली.

महादेवी हळूच येऊन नवऱ्याशेजारी बसली. ईश्वरप्पांनी घसा साफ केला.

“सतराव्या सालची गोष्ट. थंडी लई होती, आणि बाया भाकरीसाठी रस्त्यावर आल्या होत्या...”