टॉवेलमधला मंत्री

“साहेब, उभं राहून वाचा. सगळ्यांना ऐकू जाईल असं,” आई म्हणाली.

साहेबांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. “बाई, मला कशाला हो वाचायला लावता?”

“आपल्या खात्याचा रिवाज आहे. ज्याला वाक्य कापायचंय, त्यानं ते आधी चारचौघांत म्हणून दाखवायचं.”

रिवाज खात्याचा नव्हता, आईचा होता. रंगमंचावर येणारं प्रत्येक नाटक आधी सरकारच्या त्या खोलीतून जायचं. आई ते वाचून शेरा लिहायची, मगच प्रयोगाला परवानगी मिळायची. नाटकवाले तिला पाठीमागे ‘कात्री’ म्हणत. घरी भाजी निवडताना ती मला संवाद वाचायला लावायची. शिवी आली की मी अडखळायचे. “म्हण गं, चावत नाही ती,” म्हणून ती हसायची. मात्र कुणा दुबळ्याची टिंगल आली की तिचा चेहरा उतरायचा आणि पेन्सिल चालू लागायची. यंदा ती गेली. भेटायला येणारे तिच्या शिस्तीबद्दल बोलतात. मी मान हलवते आणि मला तिचं हसणं आठवत राहतं.

त्या दिवशी माझी परीक्षा संपली होती. तिला चपला घ्यायच्या होत्या, म्हणून मी तिच्या टेबलाशेजारी वाट बघत बसले होते. समोरच्या नाटकात एक मंत्री अंगाला साबण लावून उभा असतो आणि नळाचं पाणी जातं. नेमका त्याच वेळी खाली पाण्यासाठी मोर्चा येतो. मंत्री टॉवेल गुंडाळून गच्चीत येतो आणि पाणी मुबलक आहे, असं भाषण ठोकतो.

वरून निरोप आला होता, हे नाटक अश्लील ठरवा. आईने तेवढा एक शब्द लिहून सही करायची होती.

“टॉवेल, बाई! भर रंगमंचावर!”

“कमरेपासून गुडघ्यापर्यंत आहे. तसं लिहिलंय.”

“पण मंत्री, आणि टॉवेलमध्ये?”

“कारकून असता तर?”

“कारकून चालला असता.”

“शिक्षक?”

“चालेल हो.”

“मग अश्लील टॉवेल नाही, साहेब. खुर्ची आहे.”

टाइपिस्टबाईंना खोकला आला. शिपाईमामांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

साहेब वाचू लागले. सुरुवातीला पावती वाचावी तसे. “‘बंधूंनो आणि भगिनींनो, पाणीटंचाई ही अफवा आहे. मी स्वतः आत्ता पाण्यातून आलो आहे. हा फेस पाहा. आम्ही फेस आणून दाखवला! पाण्याचं काम पुढच्या टप्प्यात…’” एव्हाना त्यांचा आवाज चढला होता. एक हात वर गेला आणि दुसरा नसलेला टॉवेल सावरायला कमरेशी. शिपाईमामा पोट धरून खालीच बसले. ते बघून साहेबांनाही हसू आवरेना.

“झकास लिहिलंय हो,” डोळे पुसत ते म्हणाले. “तीच तर पंचाईत आहे.” मग आवाज उतरवून, “बाई, लिहून टाका. नाहीतर तुमची बदली होईल. मला थांबवता येणार नाही.”

“कुठं?”

“कुत्र्यांच्या परवान्यांकडे.”

नाटकं वाचायला मिळतात म्हणून आईने बढतीसुद्धा नाकारली होती. तिने संहितेवरून एकदा हात फिरवला. “चला, कुत्र्यांचं नशीब उघडलं,” ती म्हणाली आणि शेरा लिहिला, ‘एक वाक्य वगळता हरकत नाही.’ खाली सही केली.

बाहेर बाकावर नाटककार बसला होता. “काय बाई, किती कापलंत?”

“एक वाक्य. मंत्र्याच्या बहिऱ्या मुलीवरचं.”

“अहो, सगळ्यात मोठा हशा तिथंच आहे!”

“मंत्र्याला हवं तेवढं हसा. त्या पोरीनं काय केलंय?”

“शेवटी तुम्हीही सरकारच्याच!”

“पगार तिथलाच घेते,” आई म्हणाली.

लवकरच तिची बदली झाली. तिच्या जागी आलेल्या माणसाने तिचा शेरा खोडून हवा तो शब्द लिहून दिला. नाटकाचा प्रयोग कधीच झाला नाही.

पण त्या संध्याकाळी चपलांचं दुकान मागे पडलं तरी आईला भान नव्हतं. ती मला ते नाटक पहिल्यापासून सांगत होती. मंत्री, त्याची बायको, पोलीस, मोर्च्यातली म्हातारी, ज्याचा त्याचा आवाज काढून. येणारेजाणारे वळून बघत होते. मी हसून हसून एका भिंतीला टेकले, तर मला दंडाला धरून ओढत तिने पुढचा प्रवेश सुरू केला.

घर आलं तेव्हा शेवटचा प्रवेश उरला होता. मी कुलूप काढलं. आई पायरीवरच थांबली.

“आत गेलं की स्वयंपाक आहेच. एवढं संपवते,” ती म्हणाली. पिशवी माझ्याकडे देऊन तिने दोन्ही हात मोकळे केले आणि म्हातारीचा आवाज लावला.