त्या टू टूचा उपेग काय?

मित्रांनो, पिस्तूल म्हटलं की तुम्ही दोन पावलं मागे सरता, आणि सरावंच. पण आज जवळ आलात तरी चालेल. माझ्या पोटात काडतूस नाही. पुण्यातल्या एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या लोखंडी कपाटात, सगळ्यात खालच्या कप्प्यात मी पडून आहे. पॉइंट टू टूचं जुनं पिस्तूल म्हणतात मला. जन्मात मी कुणाला ओरखडा काढला नाही. कागदाला भोकं पाडली, तेवढीच माझी मर्दुमकी.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. ज्याने मला अक्रोडाच्या लाकडाची मूठ बसवली तो कारागीर मोठा चोखंदळ असावा, कारण ती मूठ हातात घेणारा प्रत्येक जण आधी ‘वा’ म्हणतो आणि मग माझी नळी बघून हसतो. माझं काडतूस तुमच्या करंगळीच्या पेराएवढं. मोठ्या पिस्तुलांच्या काडतुसाला बुडाच्या मधोमध टोला बसतो, माझ्या काडतुसाला बुडाच्या कडेवर. एवढाच काय तो आमच्यातला फरक, पण त्यावरून मला आयुष्यभर टोमणे खावे लागले. एका वयस्क नेमबाजाने मला भारतात आणलं, वर्षानुवर्षं जिवापाड जपलं आणि नजर अधू झाल्यावर विकायला काढलं. तिथून मी मुळशीत आलो.

मला विकत घेणारा शंभू हा मालेगावचा नव्हे, पौडच्या पुढे लागतं त्या मालेचा. घरची भातशेती, रस्त्याकडेची थोडी जमीन विकलेली. त्याच्या थोरल्या भावाला, विठ्ठलरावाला, रुबाबाचं भारी वेड. वडिलांच्या वेळची बाराबोरची बंदूक शंभूच्या परवान्यावर चढलेली घरात होतीच, पण ती काही कमरेला लावून लग्नाला जाता येत नाही. म्हणून विठ्ठलरावाने धाकट्या भावाच्या परवान्यावर बत्तीस बोरचं मोठं पिस्तूल घ्यायला लावलं. परवाना शंभूचा, हौस विठ्ठलरावाची. ते बत्तीस बोर म्हणजे काळंभोर, जाडजूड आणि मिजासखोर. आम्ही पुढे एकाच कपाटात राहिलो, म्हणून सांगतो.

ते घेतलं खरं, पण चालवायचं कसं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शंभू ते घेऊन कोळवणच्या बाजूला डोंगराच्या कुशीत असलेल्या एका खासगी रेंजवर गेला. समोर मातीचा उंच बांध, बांधापुढे कागदाची लक्ष्यं आणि मागे भातखाचरं. रेंज चालवायचे बंडोपंत, फौजेतून निवृत्त झालेले. शंभूने पहिला बार काढला तो बांधाच्याही वरून गेला. दुसऱ्या बाराला त्याने चाप ओढायच्या आधीच डोळे मिटले. बंडोपंतांनी ते पिस्तूल त्याच्या हातातून काढून घेतलं.

“शंभूराव, हत्याराला घाबरून नेम लागत नसतो,” ते म्हणाले. “हे धरून बघा. धक्का नाही, दणका नाही. काडतुसं स्वस्त, म्हणजे सराव भरपूर. शिकायचं ते लहानावर शिकावं.”

आणि त्यांच्याकडे विकायला ठेवलेल्या मला त्यांनी शंभूच्या हातात दिलं. त्याने श्वास सोडला, अर्धा धरला, हळूच चाप दाबला. काळ्या वर्तुळाच्या कडेला भोक पडलं. तो लहान मुलासारखा हसला. परवान्यावर तिसऱ्या हत्याराची नोंद झाली आणि मी मालेला आलो.

घरी माझं स्वागत काय झालं म्हणता! विठ्ठलरावाने मला दोन बोटांत धरलं. “ह्येनं कावळा तरी उडंल का रं? पैसं घालून खेळणं आनलंस.” खंडेनवमीला पाटावर शस्त्रं मांडली तेव्हा आधी बंदूक, मग बत्तीस बोर, आणि मी कोयत्या-विळ्यांच्या पलीकडे. पण शंभूच्या मुलीने, जुईलीने, सगळ्यांत मोठं झेंडूचं फूल मलाच वाहिलं. तेव्हा ती सहावी-सातवीत असेल.

या बाप-लेकीबद्दल तुम्हाला सांगायलाच हवं. शंभू मुळात अबोल. मुलगी लहान होती तोवर खांद्यावर घेऊन हिंडायचा, पण ती मोठी व्हायला लागली तसा तो तिला बिचकू लागला. काय बोलावं हेच त्याला कळेना. घरात दोघं समोरासमोर आली की एक जण पाणी प्यायला उठायचा. जुईलीची आई रेश्मा दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवायची. एका रविवारी तीच वैतागून म्हणाली, “त्या रेंजवर एकलेच जाता, पोरीला घिऊन जावा की. घरात बसून मोबाइल तर चोळती.”

जुईली आली आणि रमली. मोठ्या पिस्तुलाकडे तिने बघितलंसुद्धा नाही. मी तिच्या हाताला भारी पडत नव्हतो, कानाशी किंचाळत नव्हतो, मनगटाला हिसका देत नव्हतो. बंडोपंत शेजारी उभे राहून तिला शिकवायचे. चाप दाबेपर्यंत बोट बाहेर, नळी कायम बांधाकडे, घाई कधीच नाही. हळूहळू तिची भोकं वर्तुळाच्या मध्याकडे सरकू लागली.

आता माझ्या काडतुसांची एक खोड ऐका. ती कडेवर टोला खाऊन पेटणारी, त्यामुळे एखादं पेटतच नाही. नुसता ‘टिक’ आवाज येतो. अशा वेळी रेंजचा कडक नियम असतो. पिस्तूल खाली ठेवायचं नाही, वळायचं नाही, नळी बांधाकडे धरून थोडा वेळ तसंच थांबायचं, कारण काडतूस उशिराही पेटू शकतं. मोठ्या पिस्तुलाचे भक्त यावरून मला फार हिणवतात. पण त्या थांबण्यातच काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

एकदा असंच काडतूस पेटलं नाही. जुईली हात ताठ करून समोर बघत उभी. शंभू तिच्या मागे. तिला वळता येत नव्हतं आणि त्याला तिच्या डोळ्यांत बघावं लागत नव्हतं. तो पाठीमागून म्हणाला, “शाळंत बरं चाललंय न्हवं?”

“व्हय,” ती समोर बघतच म्हणाली. मग थोड्या वेळाने, “गणित न्हाई जमत.”

“मला बी न्हवतं जमत.”

एवढंच. पण त्या दिवसापासून रविवारी काडतूस पेटलं नाही की दोघांनाही बरं वाटायचं, हे मला मुठीतून कळायचं. नेमबाजी झाली की ती दोघं मागच्या बाकावर बसून डबा खायची आणि उरलेलं बोलणं तिथे व्हायचं.

ती पौडच्या कॉलेजला जायला लागली तेव्हाची गोष्ट. काडतूस पेटलं नव्हतं. ती समोर बघत थांबली होती.

“आप्पा, येष्टीत एक जण रोज माझ्या मागं येऊन बसतो. कायबाय बोलतो. मला भ्या वाटतं.”

शंभूने विचारलं, “कुटली गाडी?” दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्याच एसटीत चढला आणि जुईलीच्या मागच्या सीटवर जाऊन बसला. कुणाला शब्दाने बोलला नाही. आठवडाभर तो तसाच जाऊन येऊन करत राहिला. तो माणूस पुन्हा त्या गाडीला दिसला नाही. आणि बघा, कमरेला ते बत्तीस बोर लावून तो गेला नव्हता. हे जुईलीने पुढच्या रविवारी बंडोपंतांना सांगितलं आणि सांगताना बापाकडे असं बघितलं की मला माझ्या लोखंडी जन्माचं सार्थक वाटलं.

मग तो नियम आला. एका परवान्यावर तीन नव्हे, दोनच हत्यारं ठेवता येतील. तिसरं जमा करा किंवा विक्रेत्याकडे द्या. नामांकित नेमबाजांना सूट होती, पण जुईली काही स्पर्धांतली नव्हती. ती नुसती रविवारची.

ओसरीवर बैठक बसली. विठ्ठलरावाला विचार करायला वेळ लागलाच नाही. “बंदूक बापाची, ती ऱ्हाणार. बत्तीस बोर तर चार मान्सांत दिसतं. जाऊंदे ते टू टू. मला सांग शंभ्या, त्या टू टूचा उपेग काय?”

मित्रांनो, मी मधोमध चटईवर होतो. माझं सगळं आयुष्य त्या एका प्रश्नात येऊन अडकलं होतं, आणि उत्तर तिथल्या एका माणसाला पाठ होतं. जुईली दाराशी उभी राहून बापाकडे बघत होती. मीही बघत होतो. बोल रे शंभू, मी मनात म्हणत होतो. सांग की माझ्या पोरीला गणित जमत नाही हे मला ह्याच्यामुळे कळलं. सांग की तिला भीती वाटते हे ह्याच्यामुळे कळलं.

शंभू चटईची काडी उकलत राहिला. भाऊबंदांसमोर, चार पुरुषांत, लेकीशी बोलायला म्हणून पिस्तूल ठेवतो असं कसं सांगायचं? शेवटी तो म्हणाला, “तसा काय उपेग न्हाई.”

रेश्मा आतून कडाडली, “पोरीला इचारलं का कुनी?”

“तिला काय इचारायचं?” विठ्ठलराव म्हणाला आणि उठला.

जुईली वळली आणि आत निघून गेली. मला देऊन टाकायला निघाले त्या सकाळी ती मला बघायलाही आली नाही. तिचा राग माझ्यावर नव्हता हे मला कळत होतं, तरी फार लागलं. एकदा तिने मुठीवरून हात फिरवला असता तर मी उरलेलं आयुष्य त्यावर काढलं असतं.

या दुकानात मी आलो आणि इथेच राहिलो. दुकानमालक पियूष अधूनमधून मला तेल देतो. गिऱ्हाइकं येतात, मोठं मागतात. कुणी मला उचललंच तर विचारतात, ह्याने माणूस थांबेल का? मी माणूस थांबवायला केलेलोच नाही, हे त्यांना कोण सांगणार?

गेल्या महिन्यात शंभू आला. केस पिकलेले, खांदे उतरलेले. पियूषने चहा मागवला तर म्हणाला, “नको, उपाशी पोटी चा नको.” मग थेट विचारलं, “माझं टू टू इकलं का?”

पियूषने मला काउंटरवर ठेवलं. शंभूने नळी भिंतीकडे केली, आत काही नाही ना ते बघितलं, मग मूठ धरली. त्याची बोटं गार होती. म्हणाला, “मोठं इकायचंय. भावाला काय बोलायचं ते बोलू द्या. परवान्यावर ह्ये परत चढवायचं.”

“कागदपत्रं करावी लागतील, पण होईल,” पियूष म्हणाला.

शंभूने तिथूनच फोन लावला. त्याला ऐकू कमी येतं म्हणून फोन स्पीकरवर. जुईली आता आयटीत नोकरी करते, भूगावला मैत्रिणींबरोबर फ्लॅटमध्ये राहते, सणाला घरी येते.

“जुई, आपलं टू टू हाय अजून दुकानात. परत घेतोय. रविवारी येत जाशील?”

पलीकडे ऑफिसातली गडबड ऐकू येत होती. ती शहरातल्या भाषेत म्हणाली, “नको आप्पा. रविवारी घरातली कामं असतात, झोप काढायची असते. खरंच नको.”

“म्हयन्यातनं येकदा?”

“आप्पा, ते दिलं ना, त्यानंतर मी खूप वाट बघितली. तुम्ही काहीतरी म्हणाल म्हणून. नुसतं ‘जुई, वाईट वाटलं का गं’ एवढं विचारलं असतं तरी चाललं असतं. आता नाही हो मला त्याचं काही वाटत.”

“चुकलं माझं, पोरी.”

“जाऊ द्या. तुम्ही जेवलात का?”

“व्हय, जेवलो की,” शंभू म्हणाला.

फोन बंद झाला. त्याने मला जपून काउंटरवर ठेवलं, पियूषला मानेनेच नको म्हटलं आणि बाहेर जाऊन दुकानाच्या पायरीवर बसला. बराच वेळ त्याची पाठ मला काचेतून दिसत होती. ती हलत होती. मग पियूषने मला उचलून पुन्हा खालच्या कप्प्यात ठेवलं.

मित्रांनो, मला घरी न्या असं मी म्हणणार नाही. पिस्तूल हा घरात आणायचा खेळ नव्हे. पण तुमच्या घरात असं काहीतरी असेलच, जे चार लोकांत मिरवता येत नाही आणि ज्याच्यापाशी दोन माणसं मन मोकळं करतात. ते काढून टाकायची वेळ आली तर आधी घरातल्या लहान माणसाला विचारा. आणि तुम्हीच लहान असाल तर विचारायची वाट बघू नका, ओरडून सांगा. त्या दिवशी ओसरीवर जुईली बोलली नाही, शंभू बोलला नाही, आणि मला तर तोंडच नव्हतं. आज मी बोलतोय, तर ऐकायला ती दोघं नाहीत.