डोक्यावर दूध

सायातने मक्याच्या दाण्यांच्या रंगाचा साप घरी आणला, तेव्हा रौशन दोन पावलं मागे सरली. पण करागंडाच्या कोळशाच्या खाणीतल्या अपघातानंतर वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडलेला तिचा पोरगा आज उठून काचेची पेटी पुसत होता. पोरासाठी आई काय काय गिळते, त्यात आणखी एक साप.

सायातने तिला सगळं शिकवलं. पेटीच्या एका बाजूला दिवा, दुसरी बाजू गार. पाणी रोज बदलायचं. आठवड्याला फ्रीजमधला एक गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात ऊन करून खायला द्यायचा, मग दोन दिवस सापाला हात लावायचा नाही.

"त्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते, आई. आपण देऊ तेवढीच," तो म्हणाला. अपघातानंतर इतकं सलग तो कधी बोलला नव्हता. रौशन सापाला घाबरत होती आणि त्याचे उपकारही मानत होती.

जानेवारीत सायातला बस आगारात काम मिळालं. तो कामावर गेला त्या पहिल्याच दिवशी रौशनने पाणी बदललं आणि झाकणाची खिटी लावायला विसरली. दुपारी चहासाठी दूध घेऊन वळते तो साप दाराजवळच्या गालिच्यावर.

पेटीतला साप वेगळा आणि घरात मोकळा फिरणारा वेगळा. घरात शिरलेल्या सापाला मारू नये, डोक्यावर दूध ओतावं, दार उघडून मानाने वाटेला लावावं, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. तिने दूध ओतलं, दार उघडलं. बाहेर थुंकी गोठेल अशी थंडी. साप चुलीकडे वळला. तिने पुन्हा वाट दाखवली, तो पुन्हा वळला. तिसऱ्यांदा वळला तेव्हा तिने झाडूने त्याला बाहेर लोटलं आणि कडी घातली. खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. ती चहा घेऊन बसली.

अर्धा कप झाल्यावर तिला सायातचं बोलणं आठवलं आणि ती अनवाणीच धावली. पायरीखालच्या बर्फात साप दोरीसारखा ताठ पडला होता. संध्याकाळपर्यंत तिने त्याला दिव्याखाली धरलं. काही उपयोग झाला नाही.

सायात आला. साप आपणहून बाहेर गेला असं सांगता आलं असतं, सायातने मानलंही असतं. पण रौशनने सगळं सांगितलं, झाडूसकट. तो रागावला नाही. पेटीकडे बघत राहिला आणि खरंच कळत नसल्यासारखं त्याने विचारलं,

"लोटायचाच होता, तर दूध कशाला ओतलंस, आई?"