तेवीस फोटो

आमच्या ह्यांनी जुना कॅमेरा दुकानात दिला, वर एका नव्या स्कूटरचे पैसे घातले आणि नवा आणला. तो गळ्यात अडकवून फोटोग्राफीच्या क्लबात गेले की तिथले बडे डॉक्टरसुद्धा उठून खुर्ची देत. घरी मात्र काचेच्या कपाटात. "हात लावू नका, धूळ बसेल!" कॅमेरा कसला, जावईच आणला होता घरात!

जुन्या कॅमेऱ्याने लेकीचं शेंबडं नाकसुद्धा सोडलं नव्हतं. नवा आला आणि वर्षभरात ती नोकरीसाठी परदेशी गेली. काल तिची फार आठवण आली, म्हणून म्हटलं, "त्या शेवटच्या वर्षातले फोटो दाखवा बघू."

ह्यांनी कॉम्प्युटर लावला. सगळे मिळून तेवीस फोटो, आणि तेवीसही वर्तमानपत्राच्या एकाच पानाचे. लेन्स चांगली आहे का, ते म्हणे अशी बारीक अक्षरं टिपून बघतात.

"पान कुणी धरलं होतं?"

"तिनेच. सारखी डोकावत होती. मीच ओरडलो, मान मागे घे, फोटोत येतेस."

त्यांनी पानाचा कोपरा मोठा केला. कागद धरलेला अंगठा पडदाभर झाला. नेलपॉलिशचा उडालेला टवका, माझ्यासारखंच कुरतडलेलं नख.

"काय स्पष्ट आलाय बघ," हे पुटपुटले.

त्या कॅमेऱ्याला चांगल्या चार शिव्या द्यायला मी तोंड उघडलं.

"अजून थोडा मोठा करा," म्हटलं.