दोऱ्याची खाच

बाबांची कवळी पुन्हा तुटली, आणि या वेळीही बरोबर मधोमध. दोन तुकडे रुमालात गुंडाळून ते लेकीच्या कामाच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले आणि जमिनीकडे बघत पुटपुटले, "आपोआप झालं गं."

"आपोआप? दोरा तोडलात ना दातांनी?"

बाबांनी रुमालाची गाठ उगीच घट्ट केली. बोळक्या तोंडानं खोटं बोलणं जड जात असावं.

बाबा शिंपी. गळ्यात टेप, हातात सुई, समोर एक सोडून तीन कात्र्या, आणि दोरा तोडायचा तो मात्र दातांनीच. "कात्री शोधेपर्यंत दुसरं बटण लागतं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. स्वतःचे दात अकाली पडले, कवळी आली, तरी सवय होती तिथंच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथं तर दात मेले तरी खोड जिवंत, आता बोला! दुकान बंद होऊन वर्षं लोटली, पण घरातली एकूण एक बटणं अजून त्यांच्याच तावडीत होती.

आणि लेक नेमकी कवळ्या करणारी. दातांचे डॉक्टर तोंडांची मापं पाठवायचे आणि ती मेण, प्लास्टर न् गुलाबी ॲक्रिलिक घेऊन एकेक बत्तिशी उभी करायची. निम्मी वस्ती तिच्या हातच्या दातांनी हसत होती, आणि सख्ख्या बापाच्या तोंडात मात्र सात वेळा सांधलेलं ते जुनं धूड. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! नवीचा विषय काढला की बाबा म्हणायचे, "ही चालतेय की." चालतेय कसली, लंगडत होती बिचारी.

त्या कवळीला एक खाच होती. वर्षानुवर्षं दोरा ओढून ओढून समोरच्या दोन दातांमध्ये पडलेली. तिच्यामुळे बाबांचा प्रत्येक 'स' बारीक शीळ घालत बाहेर पडायचा. लेकीचे लहानपणी पुढचे दात सशासारखे होते, म्हणून तिचं नाव पडलं ससुली. झालं! रोज सकाळी "ससुली, ऊठ" म्हटलं की दोन शिट्ट्या. शेजारची पोरं खिडकीतून ओरडायची, "ससुले, तुझी गाडी सुटली गं!" तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मोठी झाले की बाबांना अशी कवळी करून देईन की शिट्टीचं नाव निघायचं नाही, हे तिनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. माणसं काय काय कारणांनी धंद्याला लागतात!

पण आता त्या दुकानाची आठवण आली की तिला शिट्टीच आधी ऐकू यायची. बाहेर बाबा गिऱ्हाइकाला टेप लावायचे आणि ओरडायचे, "सांभाळ गं, छाती अडतीस!" आतून आई, हातातलं भांडं न ठेवता, म्हणायची, "अडतीस, सांभाळली!" कागद नाही, पेन्सिल नाही. सगळ्या वस्तीच्या छात्या, कंबरा, बाह्या आईच्या डोक्यात. कोणाचं पोट किती सुटलंय ते त्याच्या बायकोच्या आधी आईला कळायचं, आणि ती ते पोटातच ठेवायची. इस्त्रीचा वास, मशीनची खडखड, आणि भिंतीच्या अल्याड-पल्याड चाललेला तो दोघांचा संसार. ससुलीला वाटायचं, सगळ्यांचे आईवडील असेच आकड्यांत बोलत असतील.

आता आईची नजर गेली होती, आणि नजरेमागोमाग आठवणही पाय काढत होती. ससुलीला ती कधी "ताई" म्हणायची, कधी "अहो बाई". बाबांना मात्र कधी चुकली नाही. त्यांनी दारातून "बसलीस का?" विचारलं की तिचा चेहरा उजळायचा. "आली आमची शिट्टी," म्हणायची, आणि त्यांच्या हातून चार घास खायची. दुसऱ्या कोणाच्या हातून नाही.

"आता नवीच करायची," ससुलीनं रुमाल ओढून घेतला. "आणि अशी करते, की तुमच्या दोऱ्याचेच दात पडतील."

मग तिनं पदर खोचलाच. तोवरच्या दिवसांपुरती जुनी कवळी आठव्यांदा सांधून दिली; नवी तयार झाली, त्याच दिवशी ती पुन्हा मोडली. ॲक्रिलिक एकटं ठिसूळ, म्हणून त्यात मिसळायला झिर्कोनियाची भुकटी आणली. ही झिर्कोनिया म्हणजे जातीची सिरॅमिक, आणि कण इतके बारीक, की त्यांना नॅनो म्हणतात. मैदा त्यांच्यापुढे खडी वाटावा. कणाकणाला आधीच एक रासायनिक लेप दिलेला, म्हणजे ते ॲक्रिलिकला धरून राहतात. पण भारी आगाऊ जात! जरा ढवळायला कमी केलं की एकमेकांना चिकटून गुठळ्या, आणि जिथं गुठळी तिथंच चीर. बरं, ताकद यावी म्हणून भुकटी वाढवली, तर नमुन्याची पट्टी चिमट्यात धरून वाकवताच कट्‌ करून मोडली. अति तिथं माती, ते इथंही खरं निघालं. चिमूट कमी करत, ढवळत, वाकवून बघत, शेवटी एक पट्टी अशी जमली की ससुलीचा अंगठा दुखला पण पट्टी हटली नाही. समोरचे दात तिनं सिरॅमिकचे बसवले, त्यांवर दोऱ्यानं ओरखडाही उठणार नाही असे. आणि सगळ्यावर एक पातळ, काचेसारखा थर, चहाचा डाग बसू नये म्हणून.

बाबांनी ती तोंडात घातली. आता तिची नेहमीची परीक्षा. 'स' नीट येतो का बघायला ती प्रत्येकाला साठीतले आकडे म्हणायला लावायची.

"एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट," बाबा म्हणाले. स्वच्छ. रेडिओवर बातम्या द्याव्यात असे. "चौसष्ट, पासष्ट... अगं ससुली, छान जमलीय की!"

ससुली. साधा, सरळ, बिनशिट्टीचा शब्द. तिचा कान उगीच शिट्टीची वाट बघत राहिला. पण हातचं काम इतकं देखणं झालं होतं, की तिनं तिकडे लक्ष दिलं नाही.

बाबा ताट घेऊन आईजवळ गेले. "बसलीस का? थोडंसं खाऊन घे."

आईनं मान फिरवली. "कोण तुम्ही?"

"अगं, मी."

"मी म्हणजे कोण? आमचे हे कुठे आहेत? परक्या माणसाच्या हातचं मी खात नाही हो."

बाबांनी घास पुढे केला तर तिनं ओठ घट्ट मिटले. ससुलीनं समजावलं, "आई, बाबाच आहेत गं," तर म्हणाली, "तुम्ही गप्प बसा, बाई." बाबांनी कवळी काढून बोलून बघितलं; तो पुचपुच आवाज तर तिला मुळीच ओळखीचा नव्हता. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशीही नुसतं पाणी प्यायली आणि दाराकडे कान लावून बसून राहिली. "अजून आले नाहीत हे," एवढंच सारखं.

दुपारी बाबा पुन्हा ससुलीच्या दारात. हातात तोच रुमाल.

"माझी मला जोडून दे."

"नवव्यांदा? जोड राहिलेला नाही बाबा तिच्यात. तुकडा घशात गेला म्हणजे?"

"गेला तर गेला. ती उपाशी आहे."

ससुलीचं डोकंच फिरलं. "एवढी मर मर मेले, अख्ख्या जन्मात असं काम झालं नव्हतं हातून, आणि तुम्हाला हे भंगार हवंय?"

बाबा चिडले नाहीत. "तुझं काम नंबरी आहे गं," ते म्हणाले. "पण ती मला शोधतेय, आणि मी तिच्यासमोर बसलोय." बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला. ससुलीनं बापाला रडताना कधी पाहिलं नव्हतं.

तिनं त्यांच्या हातून रुमाल घेऊन गाठ सोडली. भिंगाखाली समोरचे दोन जुने दात धरले. झिजलेले, पिवळे, आणि मधोमध ती खाच. बाबांच्या खिशातलं बटणाच्या दोऱ्याचं रीळ मागून तिनं दोरा त्या खाचेत ठेवला. अगदी घर केल्यासारखा बसला. मी सगळे दोष काढायला बसले, आणि त्यात बाबांनाच काढून टाकलं, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचा असा राग आला की काही विचारू नका.

"ती नवी द्या इकडे," ती म्हणाली.

हिऱ्याची कणी बसवलेली बारीक सुई यंत्राला लावली. आणि मग कळलं आपण काय करून ठेवलंय! दोऱ्यानं झिजू नये म्हणून निवडलेला दात, तो तिलाही दाद देईना. जोर करावा तर तडकायचा, आणि एकदा तडकला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. तोवर आईनं काय करायचं? पाण्याचा थेंब सोडत, श्वास धरून, ती केसाकेसानं कोरत राहिली. जन्मभर दोऱ्यानं केलेलं काम तिला त्या दुपारीच उरकायचं होतं. मध्येच थांबायची, दोरा लावून बघायची, कवळी बाबांच्या तोंडात द्यायची.

"एकसष्ट, बासष्ट," बाबा म्हणायचे. काही नाही. पुन्हा यंत्र.

"एकसष्ट, बासष्ट..." नुसती हवा.

तिनं सुई पुसली, भिंग जवळ ओढलं आणि पुन्हा कोरलं. दोरा लावला. बसला.

"एकसष्ट," बाबा म्हणाले, आणि दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मागं कुठंतरी बारीकशी शीळ होती. "बासष्ट." होती, होती! "त्रेसष्ट!" बाबा ओरडलेच.

आणि आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, खणखणीत, दुकानातला.

"अहो, त्रेसष्ट? माणूस आहे की हत्ती? टेप नीट धरा!"

 बाबांचे डोळे घळाघळा वाहायला लागले, पाणी गालावरून नव्या दातांपर्यंत आलं. ससुलीनं त्यांचा दंड हलवला. "बोला ना बाबा. वाट बघतेय ती."

"सांभाळ गं," बाबा म्हणाले, दोन्ही खोल्यांत ऐकू जाईल अशा शिट्टीत. "छाती अडतीस."

 ससुलीनं यंत्राचं बटण बंद केलं, तेवढाही आवाज नको म्हणून.

"अडतीस, सांभाळली," आई म्हणाली. "आणि आता या बरं आत. भूक लागलीय मला."