स्वयंपाकघराची शांतता

ओल्या सतरंजीवर आपटलेला कोबी.
फ्रिजमध्ये ठेवलेल्या किल्ल्या.
ओठांवर बोट.
चौदा खोके, आणि त्यांत एकही खोकला नाही.
दीड हात तपकिरी पट्टी.

मित्रांनो, हे तुकडे तुम्हाला एकमेकांचे कुणी लागत नाहीत असं वाटेल. मला सवय आहे. माझं सगळं आयुष्य तुकड्यांत गेलं.

मी एक जुना ठोकळा आहे. ॲल्युमिनियमचा, वीतभर लांब. माझ्या पाठीवर एक उथळ खाच आहे आणि खाचेला छेदणारी एक तिरकी चीर. पूर्वी सिनेमाचा आवाज तपकिरी टेपवर असायचा. नको असलेला आवाज काढायचा, तर टेप माझ्या खाचेत बसवायची, चिरेतून ब्लेड ओढायचं, तुकडा खाली टाकायचा आणि उरलेली टोकं चिकटपट्टीने जोडायची. बस. मला येतं ते एवढंच. एवढ्यावर मी पस्तीस सिनेमे केले आणि मालिका किती, ते मोजायचं सोडून दिलं.

कारखान्यात ज्या कारागिराने मला घासलं, त्याने मला डोळ्यासमोर धरून म्हटलं होतं, "सरळ आहे गडी." ते सरळपण दोन आठवडे टिकलं. मग मी ताईच्या हातून पडलो, माझा एक कोपरा चेपला आणि मी डुगडुगायला लागलो.

ताई म्हणजे आमची ध्वनिसंकलक. तिच्याहून वयाने मोठा दिग्दर्शकही तिला ताईच म्हणायचा. मारामारीचा आवाज हवा असला की ती सतरंजी भिजवून तिच्यावर कोबी आपटायची. पण तिचं खरं नाव झालं ते शांततेमुळे.

मित्रांनो, प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. पडद्यावर दोन माणसं बोलतात, आणि त्यांच्या वाक्यांच्या मधे काहीच ठेवलं नाही, तर ऐकणाऱ्याला वाटतं आपले कान गेले. तिथे खोलीची शांतता भरावी लागते, आणि ती आधी टेपवर घ्यावी लागते. ताईने ती पहिल्यांदा घेतली आईच्या स्वयंपाकघरात. पंखा बंद, फ्रिज बंद, ठिबकणाऱ्या नळाखाली फडकं, आई स्टुलावर. "मी सांगेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही," असं ताईने तिला बजावलं होतं.

दिग्दर्शकाने ती टेप डोळे मिटून ऐकली.

"कुठली गं ही? हिच्यात कुणीतरी आहे."

"आमच्या घरची."

"मग दुसरी शोधू नकोस. हीच लाव."

टेपच्या शेवटी आई काहीतरी बोलली होती. ताईने मान वर न करता ते कापलं. तेवढ्यात मी डुगडुगलो. "अरे, नीट बस की बाबा," ती वैतागली. पायाशी पडलेला तोच तुकडा तिने उचलला, घडीवर घडी घातली, माझ्या चेपलेल्या कोपऱ्याखाली सारला आणि वरून चिकटपट्टी लावली. मी स्थिर झालो. त्या दिवसापासून मी ताईच्या आईच्या आवाजावर उभा होतो.

पुढे वर्षानुवर्षं ताई त्याच स्वयंपाकघरात जायची. सकाळची शांतता, दुपारची शांतता, खिडकी उघडी असतानाची. पहिल्या वेळी एक चूक झाली होती, म्हणून पुढे फ्रिज बंद केला की ती आपल्या किल्ल्या फ्रिजमध्येच ठेवायची. किल्ल्यांशिवाय घरी जाता येत नाही आणि फ्रिज उघडला की तो लावायचं आठवतंच. प्रत्येक टेपच्या सुरुवातीला आईचं काहीतरी असायचंच.

"बाकीच्यांच्या लेकी माहेरी येऊन पोटभर बोलतात. माझी येते मला गप्प बसवायला!"

कापलं.

"अजून किती लागते तुला शांतता? आमची संपली की शेजारणीकडे जा."

कापलं. बांगडी वाजली, कापलं. खोकला आला, कापलं. ब्लेड माझ्या अंगावरूनच जायचं, मित्रांनो. मी निर्दोष आहे असं म्हणत नाही.

मग ताईला मोठा पुरस्कार मिळाला. परीक्षकांनी लिहिलं होतं की या सिनेमातलं घर खरंखुरं वाटतं. आई स्टुडिओत आली, ट्रॉफी मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "एवढी वर्षं तोंड मिटून बसले, त्याचं आहे हे. नाव मात्र हिचं!" सगळे हसले. ताईने मला उंच धरून फोटो काढला, खालून चिकटपट्टी दिसत होती. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत उजेडाचा दिवस.

त्यानंतर संगणक आला. कापायला ब्लेड लागेना, जोडायला चिकटपट्टी लागेना. मी टेबलाच्या कडेला राहिलो. धूळ बसली. कुणी मला हलवलंही नाही.

(इथे एक तुकडा कापलेला आहे. तो मी लावणार नाही.)

आई गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात ताईने भावाला फोन केला.

"दादा, तुझ्याकडे आईचा आवाज आहे का कुठे?"

पलीकडून उत्तर आलं. "तू आवाजवाली, आणि मला विचारतेस होय?"

फोटो ढीगभर होते. आवाज नव्हता. ताईने टेपचं जुनं यंत्र पुसलं आणि टेपांचे चौदा खोके एकेक करून ऐकले. आठ दिवस. स्वयंपाकघर, सकाळ. स्वयंपाकघर, दुपार. कुठे खोकला नाही, कुठे बांगडी नाही. काम चोख केलं होतं तिने. इतकं चोख, की आई कुठेच नव्हती.

मी तिच्या कोपरापासून हातभर अंतरावर होतो. मला ओरडायचं होतं. पण ठोकळ्याला तोंड कुठलं? मी एकच करू शकत होतो, डुगडुगणं. आणि तेही तिनेच बंद केलेलं.

दोन वर्षांनी स्टुडिओ रिकामा करायला दादा आला. त्याने मला उचललं. वाळलेली चिकटपट्टी सुटली आणि घडी खाली पडली.

"हा कसला कपटा गं? टाकू?"

"बघू."

ताईने घडी उलगडली. दीड हात पट्टी, एक टोक तिरकं. तिने ते टोक माझ्या चिरेवर धरलं. कोन तंतोतंत जुळला. मग तिने माझ्यावरची धूळ फुंकली आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना कोरी टेप जोडली. जन्मभर माझ्यावर कापलं गेलं. त्या दिवशी नुसतं जोडलं गेलं. आवाज उतरवून घ्यायला यंत्राची तार तिने आधी संगणकाला लावली, कारण अशी पट्टी दुसऱ्यांदा वाजेलच याचा नेम नसतो.

जिथे घडी होती तिथे आवाज तुटत होता.

"झा… का गं? ला… फ्रिज?"

दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग नाक ओढत म्हणाला, "मधली खरखर काढ ना तेवढी. तुझ्या डाव्या हाताचं काम."

"नाही," ताई म्हणाली. "हिला हात लावायचा नाही."

मित्रांनो, माझी विनंती छोटी आहे. मला पुसू नका, कपाटात ठेवू नका. फक्त तुम्ही काही रेकॉर्ड करत असताना घरातलं कुणी मधेच बोललं, तर प्रत्येक वेळी ते पुन्हा रेकॉर्ड करू नका. एक तरी तसंच राहू द्या.

त्या पहिल्या दिवशी ताई उत्तर न देताच टेप घेऊन घाईने निघून गेली होती. आईने संध्याकाळपर्यंत फ्रिज लावला नाही, आणि दूध नासलं.